तीनशे प्रती, मुहर्रक

माझ्या ओळखपत्रावर हुद्दा आहे: विक्री सहाय्यक.
मी विकत काहीच नाही.
टायरवाल्याच्या वरच्या खोलीत
गाण्यांना कपडे शिवते,
म्हणजे रेकॉर्डची पाकिटं छापते, हातानं,
एका वेळी एक रंग.

जुलैत गच्चीवरची टाकी उकळते.
इथं सगळे गीझर बंद ठेवतात
आणि गार पाणी गीझरमधून घेतात.
आईला फोनवर तीनदा सांगितलं,
तिला अजून थट्टाच वाटते.
त्या पाण्यानं मी जाळी धुते
मोरीत, पिवळ्या दिव्याखाली.
जिथं उजेड पोचला नाही तिथला लेप सुटतो,
चित्र उघडतं.
घाई केली तर सगळंच वाहून जातं.

कात्रीचं काम रात्री.
कोल्ड स्टोअरमधली बिस्किटांची वेष्टणं,
बुडालेल्या कॅसेट कंपनीच्या याद्या,
बोटवाल्यांच्या कॅलेंडरातलं फेब्रुवारीचं आकाश,
आणि वेंगुर्ल्याहून लोणच्याच्या बरणीभोवती
गुंडाळून आलेला तेलकट पेपर.
‘गाळे भाड्याने देणे आहे’,
त्यातला ळ कापला, वरची मात्रा छाटली,
वाढवत वाढवत तळहाताएवढा केला
आणि गलबताच्या खाली, निळ्यात, सोडून दिला.

अल्बम पाणबुड्यांच्या गाण्यांचा.
गाणारे बू खलफान, वय एक्याऐंशी,
नमुना बघायला जिना चढून आले, दोनदा थांबत.
त्यांची अरबी, माझी मोडकी,
मध्ये दोघांची बाजारातली हिंदी.
निळ्यावर बोट ठेवलं. हे काय?
अक्षर, म्हटलं. आमचं.
मान तिरकी करून बघत राहिले.
‘दोन कान,’ म्हणाले. ‘माझ्या बापाचे.
खाली जाणाऱ्याचे आधी कान जातात.
मी वर बसून गायचो,
तो वर यायचा आणि विचारायचा, गात होतास का?’

मग म्हणाले, ह्याचा आवाज काय?
मी जीभ वळवून टाळूला लावली, दाखवली.
त्यांनी म्हटलं: ल.
पुन्हा, डोळे मिटून: ल.
ज्या गळ्यानं साठ वर्षं
नावेचं लाकूड थरथरवलं
त्याला ते एवढंसं अक्षर येईना.
खालून सजीश चहा घेऊन आला
तेव्हा आम्ही दोघं हसत होतो,
त्याला कारण सांगता आलं नाही.

एकशे एक्केचाळीसाव्या प्रतीला जाळीत कण अडकला.
समोरची इमारत पाडतायत, तिथलाच असणार.
मला दिसला तो दोनशे सहाला.
सहासष्ट पाकिटांवर
निळ्यात एक पांढरा ठिपका.
फवाझ म्हणाला, राहू दे.
जाहिरातीत त्यानं घातलं:
काही प्रतींत चित्रकर्तीनं एक मोती दडवला आहे.
ती सहासष्ट दुप्पट भावानं गेली.
मला पाकिटामागे ठरलेले दोनशे फिल्स,
आणि मनगटाला बांधायचा पट्टा, तोही माझ्याच पैशांनी.

काम संपलं की जाळी साफ करायची.
औषध चोळायचं, पाण्याचा मारा द्यायचा.
रंग जातो, लेप जातो,
भूत राहतं.
आमच्या धंद्यात असंच म्हणतात त्याला:
खिडकीशी धरलं की
आधीच्या चित्रांची फिकी सावली.
ह्या जाळीत एक ढोल आहे, लग्नाच्या बँडचा,
कुणा मुलीच्या पहिल्या अल्बमवरची वेणी,
आणि आता त्यांचे, माझे, ते दोन कान.

पुढचं काम रविवारी.
गॅरेजात वाजवणारी चार पोरं आहेत,
त्यांना चित्र नकोय,
नुसतं सपाट काळं हवंय, कडेपासून कडेपर्यंत,
आणि बुधवारी हातात.
मी सांगितलंय त्यांना,
काळ्याला वाळायला वेळ लागतो.